कोपऱ्यातली डबी

मावशीचा फोन सकाळी साडेसातला आला. "अरे, स्क्रीनवर वरती डाव्या अंगाला एक डबी येऊन बसलीय. फुली मारली की जाते, पण तिच्याबरोबर माझा कोशही जातो. आता कोश कुठनं काढू?"

मावशी साताऱ्याजवळच्या एका गावात राहते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ती गावातले शेतीचे शब्द गोळा करते आहे. मोटेचे, वाफ्यांचे, खळ्यावरचे. आधी वहीत लिहायची, आता संगणकावर लिहिते. लिहिताना तिला शेजारी शब्दकोश लागतो. तो कोश म्हणजे फार पूर्वी सीडीवर मिळालेला विंडोजचा प्रोग्रॅम. तिचा संगणक मी लिनक्सवर नेला तेव्हा वाईनच्या मदतीने तो तिथेही चालू करून दिला होता. वाईन म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालावेत म्हणून १९९३पासून लिहिले जात असलेले मुक्त सॉफ्टवेअर. कोशाची एक सवय आहे. त्याची खिडकी बंद केली तरी तो बंद होत नाही. घड्याळाशेजारच्या पट्टीत छोटासा आयकॉन होऊन बसतो आणि आयकॉनवर क्लिक केले की पुन्हा उघडतो. मावशीचा हात आता त्या जागेला सरावला आहे. तिकडे न बघताच जातो.

गणपतीत गेलो होतो तेव्हा मी तिच्या संगणकावर डेबियन लिनक्सची नवी आवृत्ती घातली आणि पूर्वीचा एक्सएफसीई डेस्कटॉप काढून जीनोम ठेवला. अक्षरे ठसठशीत, पडदा मोकळा, तिच्या डोळ्यांना बरे पडेल असे वाटले. निघण्यापूर्वी कोश उघडून पाहिला, चालत होता. बंद करून पुन्हा उघडतो का, ते पाहायचे राहिले. चूक माझी होती, आणि तिची झळ महिनाभर मावशीला बसली. "तुला कशाला त्रास द्यायचा" म्हणून ती दर वेळी संगणक बंद करून चालू करत होती.

फोनवरच तिला टर्मिनल उघडायला लावले आणि एक कमांड अक्षर अक्षर सांगितली: एक्सविनइन्फो. ही कमांड दिली की माऊसचा बाण जाऊन अधिकचे चिन्ह येते. ते ज्या खिडकीवर टेकवावे तिची सगळी कुंडली टर्मिनलमध्ये उमटते. नाव, लांबीरुंदी, पडद्याच्या डाव्या आणि वरच्या कडेपासूनचे अंतर.

"टेकवलं," मावशी म्हणाली. "बरंच काही आलंय. वाचू का?"

"पहिली ओळ वाच. अवतरणचिन्हात काय आहे?"

"वाईन सिस्टिम ट्रे."

निदान झाले. आयकॉन हरवला नव्हता. त्याला ज्या पट्टीत बसायचे होते ती पट्टीच या डेस्कटॉपवर नव्हती. म्हणून वाईनने स्वतःची एक लहानशी पट्टी तयार केली, कोशाचा आयकॉन त्यात ठेवला आणि ती साध्या खिडकीसारखी पडद्यावर सोडून दिली. फुली मारली की वाईन ती खिडकी मोडत नाही, फक्त लपवतो. कोश आत चालूच असतो, पण त्याच्यापर्यंत जायची वाट बुजते.

लिनक्सवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या बहुतेकांनी या घोटाळ्याचा कुठला ना कुठला अवतार पाहिलेला असतो. आयकॉन कोपऱ्यात तरंगतो, भलत्याच मॉनिटरवर दिसतो, त्याच्याभोवती काळा चौकोन येतो, किंवा तो दिसतच नाही. दर वेळी लोक त्या एका प्रोग्रॅमला दोष देतात. पण हा दोष एकट्या प्रोग्रॅमचा क्वचितच असतो. आयकॉनची जागा दोन प्रोग्रॅममधल्या एका करारातून ठरते. तो करार काय आहे हे कळल्याशिवाय दुरुस्ती म्हणजे अंधारात चाचपडणे.

घड्याळाशेजारची ही पट्टी घराघरांत पोचली ती विंडोज ९५मुळे, ऑगस्ट १९९५मध्ये. मायक्रोसॉफ्ट तिला अधिकृतपणे 'नोटिफिकेशन एरिया' म्हणते, पण लोकांच्या तोंडी 'सिस्टिम ट्रे' बसले ते बसलेच. तिथे टास्कबार एकच, तो बनवणारी कंपनी एकच. कोणाला कुठे बसवायचे हा प्रश्न घरातल्या घरात सुटत होता.

लिनक्सवर पडद्याचा कारभार असा एका हाती नव्हता. त्याचा पाया होता एक्स विंडो सिस्टिम. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९८४ साली ती सुरू झाली आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७मध्ये आली. एक्सचे तत्त्व असे की आपण साधने द्यायची, धोरण कोणावर लादायचे नाही. खिडक्या कशा दिसाव्यात, त्यांना चौकट कोणी द्यावी, खाली पट्टी असावी की नसावी, यातले काहीच एक्स ठरवत नाही. ते काम वेगवेगळे प्रोग्रॅम करतात. ही पट्टी दाखवणारा पॅनल हा त्यातलाच एक साधा प्रोग्रॅम आणि आयकॉन दाखवू पाहणारा कोशही तसाच. मग एकाची वस्तू दुसऱ्याच्या अंगणात बसायची कशी?

सुरुवातीला केडीई या डेस्कटॉपची पद्धत वेगळी, बाकीच्यांची वेगळी. रेड हॅटमध्ये काम करणाऱ्या हॅवक पेनिंग्टन यांनी २००० साली फ्रीडेस्कटॉप हा प्रकल्प सुरू केला तो अशाच गोष्टींवर सर्वांचे एकमत घडवण्यासाठी. ट्रेचा करारही त्या मंचावरून आला.

तो थोडा तपशिलात सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. एक्समध्ये 'सिलेक्शन' नावाची एक सोय आहे. आपण कॉपी-पेस्ट करतो तेही तिच्याच जोरावर. सिलेक्शन म्हणजे नावाने नोंदलेली मालकी. एका नावाचा मालक एका वेळी एकच असू शकतो. ज्या पॅनलला ट्रे व्हायचे असेल त्याने ट्रेच्या नावाचे सिलेक्शन स्वतःकडे घ्यायचे आणि 'आता मी आहे' अशी दवंडी पिटायची. कोशासारखा प्रोग्रॅम आला की तो एक्सला विचारतो, या नावाचा मालक कोण? मालक असेल तर त्याला निरोप जातो: ही माझी छोटी खिडकी, हिला तुझ्यात घे. पॅनल ती खिडकी उचलतो आणि स्वतःच्या पोटात रोवतो. या रोवण्याच्या पद्धतीचे नाव एक्सएम्बेड. रोवली तरी ती खिडकी मूळ प्रोग्रॅमचीच राहते. तिच्यात रंग भरणे, तिच्यावरचे क्लिक ऐकणे, हे सगळे तोच करतो. पॅनल फक्त जागा देतो.

मालकच नसेल तर? इथे प्रत्येक प्रोग्रॅमचा स्वभाव वेगळा. जीटीके या साधनसंचावर लिहिलेले प्रोग्रॅम सहसा गप्प राहून दवंडीची वाट पाहतात. वाईन स्वतःचा पाट स्वतः मांडतो. काही प्रोग्रॅम मात्र ती नखाएवढी खिडकी तशीच पडद्यावर उघडतात. एक्समध्ये मोजणी सुरू होते डाव्या वरच्या कोपऱ्यापासून, शून्य-शून्य. ज्या खिडकीला कोणी जागा नेमून दिली नाही ती तिथेच पडून राहते. बेपत्ता आयकॉन इतक्यांदा नेमक्या त्याच कोपऱ्यात सापडतात ते या मोजणीमुळे.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. पॅनल अचानक कोसळला तर त्याच्या पोटात रोवलेल्या खिडक्यांचे काय? त्याच्याबरोबर त्याही मरायला हव्यात. पण एक्समध्ये 'सेव्ह-सेट' नावाची यादी असते. पॅनलने पाहुण्यांच्या खिडक्या त्या यादीत घातल्या असतील, तर तो मरताना एक्स सर्व्हर त्या खिडक्या त्याच्यातून सोडवतो आणि उघड्या पडद्यावर आणून ठेवतो. पॅनल पुन्हा उठून मालकी घेईपर्यंत क्षणभर आयकॉन पडद्यावर विखुरलेले दिसतात ते यामुळे. पाहणाऱ्याला वाटते काहीतरी बिघडले. खरे तर कोणीतरी फार काळजीपूर्वक जीव वाचवलेले असतात.

तक्रारींचा मोठा वाटा वेळेच्या गडबडीचा असतो. लॉगिन केले की पॅनल, नेटवर्कचा आयकॉन, आवाजाचा आयकॉन, चॅटचा प्रोग्रॅम असे सगळे एकदमच धावत सुटतात. चॅटचा प्रोग्रॅम पॅनलच्या आधी पोचला आणि वाट पाहणाऱ्यातला नसला, की तो कोपऱ्यात. यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे सुरू होण्याच्या कमांडमध्ये 'स्लीप ५' घालणे, म्हणजे पाच सेकंद थांबून मग सुरू व्हायचे. मीही तो वापरला आहे. पण तो उपाय म्हणजे यंत्राच्या वेगाबद्दल बांधलेला अंदाज आहे. माझ्या एसएसडीवर दोन सेकंद पुरतात, मावशीच्या जुन्या हार्ड डिस्कवर पंधराही कमी पडतील. दवंडी पिटण्याची तरतूद करारात आहे ती नेमकी याचसाठी, आणि ती ऐकणारा प्रोग्रॅम कोणत्याही यंत्रावर चुकत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तेवढ्या चार ओळी जास्त लिहिल्या, तर हजारो लोकांना सेकंद मोजत बसावे लागणार नाही.

माझ्या टेबलावरचा घोटाळा दुसऱ्या जातीचा होता. मी आयथ्री नावाचा विंडो मॅनेजर वापरतो, लॅपटॉपला एक मोठा मॉनिटर जोडलेला असतो. खालची पट्टी दोन्ही पडद्यांवर दिसायची, आयकॉन मात्र फक्त लॅपटॉपवर, जिकडे मी दिवसभर बघतसुद्धा नाही. दोन्हीकडे का दिसत नाहीत, यावर मी एक संध्याकाळ घालवली. उत्तर वर येऊनच गेले आहे: मालक एकच असतो, आणि एक खिडकी दोन ठिकाणी रोवता येत नाही. तेव्हा ठरवायचे एवढेच की ती कुठे रोवायची. पट्टीच्या सेटिंगमध्ये ट्रे मुख्य पडद्यावर असावा अशी ओळ लिहिली आणि एक्सरँडर या कमांडने मोठ्या मॉनिटरला मुख्य ठरवले. पट्टी पुन्हा सुरू केली, आयकॉन इकडे आले. दोन ओळींचे काम, पण त्याआधी तीन दिवस मी आयकॉनचे प्रोग्रॅम काढून पुन्हा घालत होतो.

एक्सएम्बेडमध्ये खरे दोषही होते. पॅनलला आयकॉनचे चित्र मिळत नाही, परकी खिडकी मिळते. त्यामुळे तिचा आकार, पार्श्वभूमी, पारदर्शकता यांवर त्याचे काही चालत नाही. पॅनल पारदर्शक केला की कुठल्यातरी आयकॉनमागे काळा ठिपका येणार. दाट पिक्सेलच्या पडद्यावर बाकी सगळे मोठे होणार आणि एक आयकॉन मुंगीएवढा राहणार. आयकॉनचा अर्थ काय, त्यावर क्लिक केल्यावर काय होणार, हेही पॅनलला माहीत नसते. अंध वापरकर्त्याला वाचून दाखवायचे तर काय दाखवणार?

म्हणून २०१०च्या सुमारास दुसरा करार पुढे आला. केडीईच्या लोकांनी स्टेटस नोटिफायर आयटम तयार केला, उबुंटूने १०.०४ या आवृत्तीत त्यावर बेतलेले ॲपइंडिकेटर आणले. यात खिडकी रोवायची नाहीच. प्रोग्रॅम डीबसवरून, म्हणजे प्रोग्रॅममधल्या निरोपांच्या वाहिनीवरून कळवतो: माझे नाव हे, चित्र हे, मेनू असा. चित्र काढायचे काम पॅनलचे. शून्य-शून्यवर पडायला खिडकीच उरत नाही. आयकॉन नुसती माहिती असल्यामुळे दोन पडद्यांवर दोनदाही काढता येतो. माझ्या मते हाच योग्य मार्ग आहे.

पण जुने प्रोग्रॅम नव्या करारावर सही करत नाहीत, आणि या संक्रमणात माणसे सापडली. उबुंटूच्या युनिटी डेस्कटॉपवर काही काळ एक यादी होती. जावा, वाईन अशी मोजकी नावे त्यात होती, तेवढ्यांनाच जुन्या पद्धतीने ट्रेमध्ये बसू देत. मग तीही गेली. केडीईने २०१४ साली प्लाझ्मा ५ हा नवा डेस्कटॉप आणताना एक्सएम्बेड सोडून दिले, आणि ज्यांचे प्रोग्रॅम जुने होते त्यांचे आयकॉन एका आवृत्तीत नाहीसे झाले.

प्लाझ्मावाल्यांनी मात्र तो प्रश्न तिथेच टाकला नाही. डिसेंबर २०१५मध्ये आलेल्या ५.५ या आवृत्तीत त्यांनी एक मध्यस्थ घातला. तो एक्सएम्बेडच्या जगात ट्रे असल्याचे सोंग घेतो, जुन्या आयकॉनची खिडकी पोटात घेतो, तिचा फोटो काढून नव्या पद्धतीने पॅनलला देतो. अवघड भाग पुढे आहे. तुम्ही पॅनलवरच्या चित्राला क्लिक केले की तो क्लिक खऱ्या, लपलेल्या खिडकीपर्यंत पोचवायचा. काही प्रोग्रॅम असे सावध असतात की क्लिक झाला तेव्हा माऊस खरोखर आपल्यावर होता का, हे तपासतात. म्हणून मध्यस्थ ती अदृश्य खिडकी क्षणभर उचलून माऊसच्या खाली आणतो आणि मग क्लिक पुढे करतो. हा कोड लिहिणाऱ्याने त्या जागी टीप लिहून ठेवली आहे की इकडे न बघितलेलेच बरे. मी बघितला. मला तो कोड सुंदर वाटला नाही, पण आदर वाटला. आपल्या नीटनेटक्या रचनेत कोणीतरी ही गाठ मारली, कारण पलीकडे कोणाचा तरी जुना प्रोग्रॅम होता.

जीनोमने दुसरी वाट धरली. एप्रिल २०११मध्ये जीनोम ३ आला तेव्हा जुने आयकॉन पडद्याच्या तळाशी लपलेल्या पट्टीत गेले. मार्च २०१५च्या ३.१६मध्ये ते डाव्या खालच्या कोपऱ्यातल्या एका कप्प्यात सरकले. सप्टेंबर २०१७च्या ३.२६मध्ये कप्पाही गेला. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. ट्रे ही प्रोग्रॅमांची जाहिरातीची जागा झाली होती. काही सांगायचे असेल तर सूचना पाठवावी, गाणे चालू असेल तर गाण्याची बटणे द्यावीत, प्रत्येकाने कायमचे ठाण मांडून का बसावे? शिवाय पुढे वेलँड येत होते, एक्सची जागा घेणारी नवी व्यवस्था, आणि तिच्यात एका प्रोग्रॅमची खिडकी दुसऱ्यात रोवायची ही रीतच नाही. हे सगळे मला पटते. पण ट्रे काढला तेव्हा तिथे बसणाऱ्यांसाठी दुसरे आसन तयार नव्हते. मागे काय चालू आहे याची यादी जीनोमच्या मेनूत आली २०२३मध्ये, ४४व्या आवृत्तीत, आणि तीही फ्लॅटपॅकने घातलेल्या प्रोग्रॅमांपुरती. उबुंटूने २०१७मध्ये जीनोमकडे परतताना आयकॉनसाठीचे एक्स्टेन्शन सोबतच दिले, तेव्हा तिथल्या लोकांचे निभावले. मावशीकडे मी घातलेले जीनोम कोरे होते.

एक्स्टेन्शन तिलाही घालता आले असते. एखादा हाताशी असलेला माणूस वापरत असेल तर मी तेच सुचवेन. पण जीनोमची आवृत्ती पुढे गेली की एक्स्टेन्शन बंद पडू शकते, आणि ते बंद पडले हे मावशीला कळणार कसे? पुन्हा डबी तरी येईल, नाहीतर नुसताच कोश गायब. म्हणून ठरवले की एक्सएफसीई परत आणायचे. त्याच्या पॅनलमध्ये ४.१६ आवृत्तीपासून जुना आणि नवा, दोन्ही करार पाळणारा एकच ट्रे आहे.

रविवारी सकाळच्या एसटीने गेलो. काम तासाभराचे होते. एक्सएफसीई घातले, लॉगिनच्या पडद्यावरून ते निवडले, कोश चालू केला, बंद केला. आयकॉन घड्याळाशेजारी, आपल्या जागी.

पण एक गोष्ट मी विसरलो होतो आणि ती मावशीच्या लक्षात आली. मराठी लिहिण्यासाठी ती आयबस वापरते. जीनोममध्ये सध्या मराठी चालू आहे की इंग्रजी, हे वरच्या पट्टीत जीनोम स्वतः दाखवते. एक्सएफसीईमध्ये ते काम आयबसच्या स्वतःच्या आयकॉनचे, आणि तोही ट्रेमध्येच यायला हवा. तो आला नव्हता. "मी आता मराठीत लिहितेय का इंग्रजीत, हे मला दोन अक्षरं उमटल्यावर कळणार का?" तिने विचारले. आयबसच्या सेटिंगमध्ये ट्रेमधला आयकॉन दाखवण्याचा पर्याय पाहिला, तो चालू होता. आयबसच लॉगिनबरोबर सुरू होत नव्हता. आयएम-कॉन्फिग या कमांडने तो नेमून दिला, बाहेर पडून पुन्हा लॉगिन केले. कोशाच्या शेजारी भाषेचा आयकॉन आला. मग मी संगणक तीनदा बंद करून चालू केला, मुद्दाम. प्रत्येक वेळी दोन्ही आयकॉन आपापल्या जागी आले. जुन्या डिस्कवर पॅनल यायला बराच वेळ लागतो, पण दोघेही दवंडी ऐकणारे निघाले.

फोन आला तेव्हा अडलेली नोंद मावशीने तिथेच पुढे घेतली. शब्द होता 'थारोळं'. तिने मान वर न करता कोपऱ्यात क्लिक केले, कोश उघडला. त्यात एकच अर्थ निघाला, सांडलेल्या रक्ताचा. "बघ," ती म्हणाली, "मोटेचं पाणी जिथं ओततात ते थारोळं. तिथनं मग पाणी पाटात जातं. आमच्या विहिरीचं दगडी होतं, आम्ही पोरं त्यात पाय सोडून बसायचो." कोश मिटवून तिने ते लिहायला घेतले, आणि दगडी की दगडाचं, यावर थोडा वेळ थांबली.